टर्बो गाडीतील फेरफार आणि मराठवाड्याचा उन्हाळा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. 'स्टेज वन' रिमॅप करून घेतल्यास इंजिन टिकेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : आपल्या गाडीचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मुळातच २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची (ईसीयू) सेटिंग बदलणे; 'स्टेज वन' म्हणजे सुटे भाग न बदलता केलेला पहिला टप्पा. त्यात बूस्ट (टर्बो हवा किती दाबतो ते), इंधनाचे प्रमाण आणि स्पार्कची वेळ बदलली जाते आणि टॉर्क सहज चारशेच्या पुढे जातो. सुस्थितीतले इंजिन हे सोसते. मला अधिक काळजी गिअरबॉक्सची वाटते, कारण त्यातील सहा गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची) क्षमताच ३५० न्यूटन-मीटरच्या आसपास धरलेली आहे. त्याचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलले नसेल, तर रिमॅपचा विचार आधी बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि आपल्याकडे तीच निर्णायक ठरते. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती इंटरकूलरमध्ये निवते. पण इंटरकूलरला थंड करणारी बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल, तर आत जाणारी हवा त्याखाली येऊ शकत नाही. तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो आणि पेट्रोल स्पार्कने लावलेल्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकण्याचा धोका, म्हणजे नॉकिंग, वाढतो. नॉक सेन्सरला ते कळताच ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि पैसे मोजून मिळवलेली ताकद भर दुपारी नाहीशी होते. रिमॅप करणाऱ्याने ही सुरक्षेची मर्यादाच सैल केली असेल, तर पिस्टन फुटेपर्यंत मजल जाते.

एकदा ताकद कमी झाल्याची तक्रार घेऊन एक गाडी माझ्याकडे आली. बंपर उतरवला, तर इंटरकूलरच्या जाळीवर जिनिंगच्या रस्त्यावरचा कापूस आणि धूळ यांचा बोटभर जाड थर नमद्यासारखा बसलेला होता. मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुतली, एवढ्यानेच तक्रार मिटली. म्हणून आपणही आधी जाळी धुवावी, मोठा इंटरकूलर बसवावा, ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे (म्हणजे नॉकिंगला अधिक दाद न देणारे) पेट्रोल नेहमी मिळेल याची खात्री करावी आणि मगच रिमॅपकडे वळावे. काम झाल्यावर, मेमधल्या दुपारी इनटेक हवेच्या तापमानाची नोंद स्कॅनरवर काढून द्या, असा आग्रह धरावा.

प्रश्न : १७ इंची चाकांऐवजी १९ इंची बसवू का? (नांदेड)

उत्तर : मी १८ च्या पुढे जाणार नाही. २२५/४५ आर१७ (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) ऐवजी २२५/४० आर१८ घेतल्यास चाकाचा एकूण व्यास जेमतेम तीन मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण टायरची बाजूची भिंत १०१ वरून ९० मिलिमीटरवर येते. १९ इंचांत ती आणखी घटते आणि काळ्या मातीवर खचलेल्या आपल्या रस्त्यांवर रिम वाकण्यास एक खड्डा पुरतो. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते), ५×११२ ची बोल्टरचना (११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि मधल्या छिद्राचा ५७.१ मिलिमीटर व्यास जुळतो का, हे तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. समृद्धी महामार्गावर जायचे असेल, तर हवा टायर थंड असतानाच मोजून भरावी.

प्रश्न : बकेट सीट आणि छोटे स्टीअरिंग बसवायचे आहे. (बीड)

उत्तर : मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग आणि बेल्टच्या सूचनेची वायर असते, स्टीअरिंगमध्ये चालकाची एअरबॅग असते. ती काढून केवळ दिव्याची सूचना बंद करणे मला मुळीच मान्य नाही. मूळ सीटवरच, एअरबॅगची शिवण मोकळी राहील असे नवे कव्हर चढवून घ्यावे. मऊ अल्कँटारासारखे कापड उन्हात तापलेल्या गाडीत चामड्यापेक्षा सुसह्य वाटते.

प्रश्न : हे सर्व कायद्यात बसते का? (परभणी)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. जे बदल कराल ते विमा कंपनीला लेखी कळवावेत आणि मूळ सुटे भाग घरात जपून ठेवावेत.