वाचकांची विचारणा : जुनी तबकडी आणि नवे मास्टरिंग

प्रश्न : माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेली ख्यालगायनाची एक एलपी आमच्याकडे आहे. तिचीच ‘रीमास्टर्ड’ असे छापलेली सीडी गेल्या चवथीला भाच्याने आणून दिली. प्रथम लावली तेव्हा सीडीच सरस वाटली. आवाज भरदार आणि खरखर नावालाही नाही. पण दुसऱ्या रागापर्यंत कान थकतात आणि तंबोरा कुठे गेला असे वाटत राहते. घरातली मुले एलपी विकून टाका म्हणतात. काय करावे? (एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर : एलपी विकू नये. आपल्या कानांनी दोन निराळ्या गोष्टी टिपल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट आवाजाच्या पातळीची. तेच गाणे किंचित मोठ्याने वाजले की कानाला त्यातील खर्ज अधिक भरलेला आणि वरचे स्वर अधिक लखलखीत वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी कानाचा हा स्वभाव १९३३ सालीच मोजून मांडला होता. सीडीवर आवाजाला एक ठरलेली कमाल मर्यादा असते, तिच्या वर काही नोंदवताच येत नाही. त्यामुळे सीडी मोठ्याने वाजावी असे ज्याला वाटते तो मास्टरिंगच्या, म्हणजे प्रती काढण्यापूर्वी आवाजावर होणाऱ्या शेवटच्या संस्कारांच्या, वेळी लिमिटर लावून गाण्यातील उंच शिखरे दाबतो आणि मग सगळेच वर उचलतो. नव्वदच्या दशकापासून जगभरच्या कंपन्यांमध्ये ही चढाओढ लागली आणि त्या काळातील पुष्कळ पुनर्प्रकाशने तिच्यात सापडली. ख्यालात मंद्रातील पहिल्या सावकाश स्वरापासून तार षड्जावरच्या तानेपर्यंतचे अंतर गायकाने स्वतः आखलेले असते. ते अंतर आखडले की आलापही तानेइतकाच अंगावर येतो, कानाला विसावा मिळत नाही, आणि आपण लिहिता तो थकवा येतो.

दुसरी गोष्ट तंबोऱ्याची, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. खरखर काढणारी संगणकप्रणाली बहुधा गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांत जागेवरून टेपचा सुसकारा कसा आहे ते ओळखते आणि पुढे सगळीकडून तेवढा वजा करत जाते. तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तार घोडीला घासून होणाऱ्या झणत्कारातून, उठणारे बारीक उपस्वर त्या सुसकाऱ्यासारखेच क्षीण आणि अखंड असतात व बऱ्याच अंशी त्याच पट्ट्यात येतात. तंत्रज्ञाने हात आवरला नाही तर सुसकाऱ्याबरोबर जवारीही जाते, आणि जे उरते ते पाण्याखालून आल्यासारखे हलते. तबल्याच्या चाटेची, म्हणजे कडेवरच्या आघाताची, धारही अशीच बोथट होते. ज्या संगीतात गायक तंबोऱ्यात स्वर मिळवूनच गातो, त्या संगीताची अशी सफाई मला मान्य नाही. सुसकाऱ्याची कानाला दहा मिनिटांत सवय होते.

तरीही सीडीला सरसकट दोष देता येत नाही. एलपी एका मिनिटात ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणून बाजूच्या शेवटी, म्हणजे नेमकी द्रुत बंदिश रंगात आलेली असताना, तार सप्तकातील स्वर चिरकू लागतात. सीडीत हा दोष नाही. शिवाय तंत्रज्ञाला मूळ मास्टर टेप सुस्थितीत मिळाली असेल आणि त्याने तिच्यावर फारसे उपचार केले नसतील, तर एलपीच्या खाचेत न मावलेले बारकावेही रीमास्टर्ड प्रतीत ऐकू येतात. मास्टर टेप हरवलेली असल्यास मात्र टेपच्या प्रतीवरून किंवा चक्क एखाद्या जुन्या एलपीवरूनच काम होते, आणि वेष्टनावर ‘रीमास्टर्ड’ हा एकच शब्द दोन्हीकडे छापतात.

घरच्या घरी पारख करायची तर आधी पातळी जुळवावी. बसण्याच्या जागी मोबाइलवरील ध्वनिमापक ठेवून दोन्ही प्रतींतील तोच विलंबित भाग वाजवावा आणि फरक एका डेसिबलच्या आत येईपर्यंत सीडीचा आवाज उतरवावा. मग घरातील दुसऱ्या कोणाला, काय लावले ते न सांगता, प्रती आलटून पालटून वाजवायला सांगावे आणि फक्त दोन जागा ऐकाव्यात : गायक श्वास घेतो तेव्हा मागे तंबोरा अखंड राहतो का, आणि लांबवलेला स्वर विरत जाऊन संपतो की कापल्यासारखा थांबतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत सीडीची ध्वनिरेखा उघडल्यास, गडग्यासारखी वरून सपाट दिसणारी रेखा लिमिटरची खूण सांगते. मात्र एलपीवरून उतरवलेल्या रेखेतील उंच टोके पाहून निकाल देऊ नये. तेच मास्टरिंग एलपीवर गेले तरी खाच कोरताना आणि वाजवताना टोके थोडी उंचावतात.

प्रश्न : लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून काढलेल्या एका नव्या संचात गायिकेचा आवाज आमच्याकडच्या तबकडीपेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने चढा लागतो. चूक कोणाची? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दोन्हींपैकी कोणाचीही असू शकते. त्या तबकड्यांना ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणत असले तरी सुरुवातीच्या काळातील ध्वनिमुद्रणे प्रत्यक्षात कमी-जास्त वेगाने झालेली आहेत, आणि वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की स्वर अर्ध्याने सरकतो. मूळ ७४ फेऱ्यांवर झालेले मुद्रण ७८ वर वाजवले तर एवढाच फरक पडतो. रीमास्टर करणाऱ्याला गायिकेची पट्टी ठाऊक नसेल तर यंत्रावरचा आकडा तो प्रमाण मानतो. आपण तसे करू नये. त्याच गायिकेची नंतरच्या काळातील मुद्रणे काढून तिचा षड्ज ताडून पाहावा. आकार आणि एकार नीट ऐकावेत, कारण वेग वाढला की स्वराबरोबर उच्चारही बारीक होतो आणि प्रौढ आवाज पोरवयाचा भासतो. पेटीची साथ असल्यास तिचा षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमध्ये पडतो का तेही पाहावे, अर्थात जुन्या पेट्यांचे स्वर आजच्या प्रमाणाला धरून असतीलच असे नाही.

येथे आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची आठवण होते. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीच्या आवरणावर एका फेरीला किती वेळ लागावा तेही कोरले आहे, आणि तो ३.६ सेकंद आहे. परक्या ग्रहावरील श्रोत्याला षड्ज चुकू नये म्हणून जी काळजी घेतली गेली, ती लाखेच्या तबकड्यांच्या बाबतीत आपल्याला स्वतः घ्यावी लागते.

ताडून पाहण्यासाठी तबकडी काढाल तेव्हा एवढे सांभाळावे : पावसाळ्यात धरलेली बुरशी स्पिरिटने पुसू नये, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर केलेले मऊ कापड पुरते. एलपीची सुईही तिच्यावर चालवू नये. ती त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तळातील कचराच वाजवते.

प्रश्न : नव्याने छापलेली, १८० ग्रॅमची जाड रीमास्टर्ड एलपी घ्यावी का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : वजनावर जाऊ नये. जाड तबकडी सहसा वाकत नाही, पण खाचेत काय कोरले आहे ते तिच्या जाडीने बदलत नाही. मूळ टेपवरून थेट कोरलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका अमेरिकी प्रकाशकाच्या अनेक एलपींमध्ये मध्ये डिजिटल टप्पा होता, हे २०२२ साली उघड झाले. तोपर्यंत जाणकारांनी त्यांच्या आवाजाची वाखाणणीच केली होती. तेव्हा डिजिटल टप्प्याची धास्ती घेण्याऐवजी मास्टरिंग कोणी केले आणि कोणत्या टेपवरून केले ते वेष्टनावर पाहावे. दोन्हींपैकी काहीच छापलेले नसेल, तर त्याच पैशांत जुनी पण कमी वाजलेली प्रत शोधावी आणि विकत घेण्यापूर्वी तिच्या बाजूची शेवटची पाच मिनिटे दुकानातच ऐकून घ्यावीत.