लाकडावरची नखाएवढी पांढरी अळंबी कोणती?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात तुमच्या सोसायटीत आंब्याचा तोडलेला ओंडका पडून आहे, त्यावर पावसात नखाएवढे पांढरट, लवदार, बिनदांड्याचे पंखे उगवलेत, आणि आई त्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून हात लावू देत नाही. फोटो वरून काढलाय, पण खरी खूण खालच्या बाजूला असते. एक पंखा उलटा करून भिंगातून बघा.

जिथे तो लाकडाला चिकटलाय तिथून कडेपर्यंत करड्या-गुलाबी पात्या पसरलेल्या दिसतील. प्रत्येक पाती कडेला उभी चिरलेली असेल, जणू दोन कागद पाठीला पाठ लावून ठेवलेत आणि त्यांच्या कडा बाहेर वळल्यात, तर ती शिझोफायलम कम्यून. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत सापडते, आकार साधारण १ ते ४ सेंमी. पात्यांऐवजी बारीक छिद्रं दिसली तर ती वेगळी. पात्या अखंड आणि अंग मांसल असेल तर धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) जातभाईंकडे शोधा.

त्या चिरेचं काम मी घरी पाहिलंय. मे महिन्यात उपवन तलावाजवळ रस्त्यावर पडलेली एक काटकी उचलून आणली होती. पंखे आक्रसून कडक झालेले, पात्यांच्या कडा आत गुंडाळलेल्या. कोरड्या दिवसांत बीजाणूंची बाजू अशी झाकली जाते. ताटलीत ओल्या फडक्यावर रात्रभर ठेवली, सकाळी सगळे पंखे पुन्हा उघडलेले! (येऊरच्या जंगलातून मात्र काही आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.)

खायचं म्हणाल तर मणिपूरमध्ये हिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात. तरी तुम्ही फोटोवरच्या ओळखीवर खाऊ नका, माझ्याही नाही. आईंचा धाक योग्यच आहे. हात लावायला हरकत नाही, पण घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी जवळ जाऊन हुंगू नये. सायनस आणि फुप्फुसात हिचा संसर्ग झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत.

ओंडका मेलेलाच आहे, तो कुजवणं हेच तिचं काम, त्यामुळे औषध फवारू नका. हेच पंखे उभ्या झाडाच्या फांदीवर दिसले तर तेवढी फांदी आतून मेली असण्याची शक्यता धरा आणि खाली गाडी लावू नका.

खालच्या बाजूचा जवळून फोटो टाका, चीर दिसतेय का ते बघून सांगतो.