डीजेच्या धंद्यात कार्डाने पैसे घ्यायचे असतील तर

लगेच स्वाइप मशीन घेऊ नका. वर्षाकाठी चार-पाचच ग्राहक कार्ड काढत असतील तर मशीनचं महिन्याचं भाडं जड जातं. पेमेंट लिंक पुरते. मशीन घेतलंच तर त्यातलं सिम तुमच्या मोबाइलपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. गावाबाहेरच्या लॉनवर रेंज गेली की हॉटस्पॉट कामी येतो.

प्रत्येक कार्ड व्यवहारामागे तुमच्याकडून कापल्या जाणाऱ्या शुल्काचा दर लेखी मागा. रुपे डेबिटवर 2020 पासून शुल्क नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर इतर डेबिट कार्डांवर मशीनने कमाल 0.40 टक्के, तेही व्यवहारामागे 200 रुपयांपर्यंतच. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. दोन टक्के धरले तर 40,000 च्या बिलावर 800 आणि जीएसटीचे 144 जातात. सुपारी ठरवतानाच हे धरा.

सर्वांत जपायचं ते चार्जबॅकला. ‘कार्यक्रम झालाच नाही’ अशी तक्रार बँकेत गेली की पैसे परत ओढले जातात. सही केलेला करार, आणि कार्यक्रम पार पडल्याचा ग्राहकाचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. स्लिपचा फोटो तिथल्या तिथे काढा, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात.

बाकी रक्कम साउंड चेकआधीच घ्या. व्यवहार फेल दाखवून पैसे कापले गेले, तर पुन्हा स्वाइप करण्याआधी ॲपमध्ये नोंद बघा. अडकलेली रक्कम बँकेने पाच दिवसांत परत करायची असते, हे ग्राहकाला शांतपणे सांगा.