‘आमच्यातलं कुणीच या क्षेत्रात नाही, मला जमेल का?’

घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच पिढी, त्यात भूशास्त्र घेतलेलं. अशी मुलं माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येतात तेव्हा बहुतेक हाच प्रश्न असतो. त्याला जोडून दुसरा : जमलं तरी नोकरी कोण देणार? मध्यंतरी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तर विषय बदलण्याचा अर्ज भरूनच घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मार्क चांगले होते. मग सोडायचं का? ‘‘मॅडम, आत्मविश्वास नाही.’’ हे उत्तर मुलांच्या तोंडी कुणीतरी घातलेलं असतं, मी त्यावर थांबत नाही. प्रयोगशाळेत शेवटचं काय पाहिलंस, एवढंच विचारलं आणि ती बोलायला लागली. बेसाल्टचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप, इतका पातळ की दगडातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकात दुसरा ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी गाळणी, सरकवला की प्लॅजिओक्लेज या खनिजावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. स्टेज, म्हणजे काप ठेवायची तबकडी, फिरवली की एक पट्टा विझतो, शेजारचा उजळतो. तास संपला तरी ती उठली नव्हती. या मुलीला विषय नकोसा झालेला नव्हता.

नकोसा होता फील्ड कॅम्प, म्हणजे बाहेर जाऊन प्रत्यक्ष खडक-जमीन पाहण्याचं शिबिर. हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. दिवसभर उघड्यावर, मग स्वच्छतागृहाचं काय? पाळी आली तर? बूट स्वतःचे हवेत, पैसे आधी भरायचे. सुट्टीत ती काम करायची, ती कमाई बुडणार. यातल्या एकाही प्रश्नाला ‘धीर धर’ हे उत्तर होऊ शकत नाही. विभागात विचारलं का नाहीस, म्हटलं तर गप्प झाली. वर्गात आपल्यासारखं दुसरं कुणी नसलं की साधी शंका विचारणंही जड जातं. आपल्यावरून आपल्या सगळ्यांना जोखतील, ही भीती असते.

आम्ही दोघींनी प्रश्न कागदावर उतरवले आणि तिच्या संमतीने, तिचं नाव न घेता, मी ते विभागप्रमुखांपुढे ठेवले. बूट आणि होकायंत्र विभागाने दिले. थांबे स्वच्छतागृहांची सोय पाहून ठरले आणि ही माहिती सगळ्या वर्गाला आधीच लेखी मिळाली. बुडणाऱ्या कमाईची भरपाई मात्र थोडीच झाली, आणि माझ्या मते गळती इथेच होते. गरजू विद्यार्थ्याला बिनपगारी अनुभव परवडत नाही. पगारी इंटर्नशिप त्याला उपकार म्हणून देऊ नये.

फील्डशिवाय भूशास्त्रज्ञ होता येतं का, हेही तिने विचारलं. येतं. उपग्रह प्रतिमा, भूकंपाच्या नोंदी, प्रयोगशाळेतलं विश्लेषण, बरंच काम आत बसून चालतं. अमेरिकी भूशास्त्रज्ञ मेरी थार्प यांनी १९५०च्या दशकात जहाजांनी आणलेल्या समुद्राच्या खोलीच्या नोंदी टेबलावर मांडून अटलांटिकच्या तळाशी मधोमध असलेल्या पर्वतरांगेतली खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली दरी, ओळखली. पण बाई म्हणून त्यांना तेव्हा संशोधन जहाजावर चढूच देत नसत. म्हणून मी तिला म्हटलं, आत बसून काम करायचं तर आवडीने कर, वाट अडवली म्हणून नको.

नोकरीच्या प्रश्नावर मी भाषण दिलं नाही, दोन ओळखी करून दिल्या. एक तिच्याच विभागातली, एक वर्ष पुढची मुलगी. कॅम्पच्या पिशवीत काय भरायचं इथपासून सगळं तिने सांगितलं. दुसऱ्या भूजलात काम करणाऱ्या बाई. विहिरींची पातळी कशी मोजतात, नकाशा आणि अहवाल कसा होतो, हे त्यांनी दाखवलं. दरडींचे धोके, बोगद्यांच्या आणि धरणांच्या जागेची तपासणी, दूषित माती-पाणी इथेही माणसं लागतात, हे त्यांनीच तिच्या वडिलांना फोनवर समजावलं. वडिलांच्या डोळ्यांपुढे तोवर फक्त खाण होती.

कॅम्पला ती गेली. अर्ज अजून तिच्याकडेच आहे, फाडलेला नाही, आणि त्याबद्दल मी विचारतही नाही. पुढच्या भेटीत इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र कुणाकडे मागायचं, किती आधी मागायचं आणि सोबत कोणते कागद द्यायचे, ते बघायचं आहे.