बटाट्याला मातीची भर द्यावी का?

द्यावी, मात्र उत्पादन दुप्पट होईल या आशेने नव्हे. बटाटा मुळांना नव्हे, तर जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाच्या फांद्यांच्या टोकांना लागतो, आणि पोसताना वरची माती उकलून तो उघडा पडला की उन्हाने हिरवा होऊन त्यात सोलानीन हे विषारी द्रव्य वाढते. शिवाय साठवणीत बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग शेतातच अशा उघड्या बटाट्यांवर अंडी घालतो, आणि पुणे जिल्ह्यातील उत्पादकांना हे नुकसान अधिक जाणवते. झाडे वीतभर उंच झाल्यावर, म्हणजे लागवडीनंतर साधारण ३० दिवसांनी, नत्राचा उरलेला हप्ता देऊन वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिकट नसताना, भर द्यावी. फार उशीर केल्यास त्या कोवळ्या फांद्या कुदळीने तुटतात, आणि मग भर न दिलेलीच बरी.