वाघाची विष्ठा आणि डीएनए

प्रश्न: ताई, बीएस्सी झालीये, वाघांवर रिसर्च करायचाय. पण घरचे म्हणतात जंगलात फिरून पोट भरतं का? आणि वाघ न पकडता त्याचा डीएनए कसा मिळतो हो?

उत्तर: अगं, विष्ठेतून! आतड्याच्या पेशी तिच्यासोबत बाहेर पडतात, त्यातूनच डीएनए काढतात, तो बऱ्याचदा तुटका आणि थोडासाच मिळतो म्हणून खरं डोकं लॅबमध्ये खपतं. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांचंच बघ, पीएचडी अमेरिकेत, मग इथे येऊन वर्षानुवर्षं वाघांच्या जनुकांवर काम. ओडिशातल्या सिमिलीपालचे ते काळे वाघ माहितीयत ना, त्यांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळतात की वाघ काळाच दिसतो, तर 2021 मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की हे टॅकपेप नावाच्या एका जनुकातल्या बदलामुळे होतं. त्या अभ्यासात तिथल्या साधारण 37 टक्के वाघांत हे दिसलं, कारण संख्या कमी आणि बाहेरच्या वाघांशी संपर्क तुटलेला. फोटोत भारी दिसतात, मला मात्र काळजीच वाटते.

पोटाचं म्हणशील तर पीएचडीला फेलोशिप मिळते, पण श्रीमंत नाही होणार बरं का. आधी स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग शिक, बूट नंतर घे.