गालाची जखम आणि ‘व्हॅक’चे यंत्र

प्रश्न : वडिलांच्या गालाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले, त्याआधी रेडिएशनही झाले होते. जबड्याखालची जखम भरत नाही. डॉक्टर ‘व्हॅक’ लावू म्हणतात. त्याने काय होते?

उत्तर : ‘व्हॅक’ म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने जखम भरून आणण्याची पद्धत. जखमेत स्पंजासारखा फोम बसवून त्यावर चिकट पारदर्शक पडदा हवाबंद लावतात आणि नळीने यंत्र जोडून साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब (म्हणजे शोषून घेणारी ओढ) ठेवतात, चेहऱ्यावर व मानेवर तो बऱ्याचदा कमी ठेवावा लागतो. साचलेला स्राव डब्यात ओढला जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात आणि तळाशी लालसर दाणेदार मांस धरू लागते. फोम दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. अर्जेंटा आणि मॉरिक्वास या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे.

तरीही, जखम का भरत नाही हे शोधल्याशिवाय यंत्र लावण्याची घाई मी करणार नाही. तोंडातली लाळ आतून झिरपत असेल, रेडिएशनमुळे जबड्याचे हाड मृत झाले असेल, रक्तातील साखर चढलेली असेल किंवा नाकातल्या नळीवाटे पुरेशी प्रथिने जात नसतील, तर नुसत्या यंत्राने भागत नाही. तंबाखू पुन्हा सुरू झाली आहे का, हेही विचारावेच लागते; घरचे बहुधा ते सांगत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जखमेच्या कडेची बायोप्सी करून घ्यावी, कारण तिथे कॅन्सर उरला असेल तर हा उपचार वर्ज्य आहे.

प्रश्न : यंत्र रात्रभर गळतीचा इशारा देत वाजते. बंद केले तर चालेल का?

उत्तर : दाढीचे खुंट आणि ओठाचा कोपरा यांमुळे पडदा सुटतो. दाढी काढून, कातडी कोरडी करून तो पुन्हा लावून घ्या. यंत्र बंद असताना फोम दोन तासांहून अधिक काळ जखमेत राहू नये. तेवढ्यात दुरुस्ती होत नसेल तर परिचारिकेकडून तो काढून साधे ड्रेसिंग करून घ्यावे.

प्रश्न : डब्यात लाल पाणी दिसते. घाबरावे का?

उत्तर : फिकट गुलाबी स्राव चालतो. लालभडक रक्त नळीतून वेगाने येऊ लागले, तर यंत्र ताबडतोब बंद करा, फोम न ओढता स्वच्छ कापडाने वरून दाब धरा आणि तसेच रुग्णालय गाठा. मानेतली मोठी रक्तवाहिनी उघडी पडलेली असेल, तर तिच्यावर फोम ठेवायचाच नसतो.

प्रश्न : मग दुसरी शस्त्रक्रिया टळेल?

उत्तर : लहान जखमेत टळू शकते. तोंडापासून बाहेरपर्यंत आरपार भोक असेल, तर छातीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह उचललेला तुकडा, फिरवून ते बुजवावे लागण्याची शक्यता अधिक.